वक्र रेघा

तो बुडबुडा अगदी गोल होता. लाल खड्याच्या पोटात, जरा डाव्या अंगाला, एकटाच — आणि कंपासनं काढल्यासारखा गोल. भिंग किंचित खाली-वर केलं की त्याची कड उजळायची, पुन्हा विझायची. खाणीतून आलेल्या माणकात असं सुबक काही नसतं. तिथं असतात सुया, चिरा, भलत्याच खनिजाचा अडकून पडलेला कण, ओल्या बोटाचा ठसा उमटावा तशी पुसट जाळी... थोडक्यात, पसारा. पसारा दिसला की तिला बरं वाटायचं. गोल बुडबुडा म्हणजे कुणीतरी काहीतरी वितळवलं, ढवळलं, त्यात हवा राहून गेली आणि ते निवलं. काच. शेजारी आणखी एखादा आहे का, हे तिनं सवयीनं पाहिलं. होता, जरा लांबट, आणि त्याच्याभोवती पाकातून चमचा फिरवल्यासारखी वळणं.

खडा डबीत ठेवून तिनं रत्नपरीक्षणाच्या प्रयोगशाळेबाहेर बाकावर बसलेल्या गृहस्थांना आत बोलावलं. प्रवासात घेतला होता त्यांनी, बायकोच्या अंगठीसाठी, आणि घरी आल्यावर मेव्हण्यानं शंका काढली म्हणून तपासायला आणला होता. ‘काच आहे,’ असं तिनं सांगितलं तेव्हा त्यांनी खड्याकडे न बघता तिच्याकडे बघितलं. सगळे तसंच करतात. जणू आत्तापर्यंत तो माणिकच होता आणि इथं या टेबलावर, हिच्या हातात त्याची काच झाली.

“पण घासून दाखवला होता हो त्यानं. आरशावर चांगला चरा उठला होता.”

“काचेनंही काचेवर चरा उठतो.”

“आणि आत एक डाग नाही. लख्ख आहे अगदी.”

“तेवढं लख्ख माणिक तुम्हा-आम्हाला परवडत नाही,” ती म्हणाली, आणि मग नेहमीचं सांगितलं, जे सांगताना तिचं तिलाच ऐकू येत नसे — की पुढच्या वेळी पावतीवर लिहून मागा, खाणीतला की बनवलेला, तापवलेला आहे का, चिरांमध्ये काही भरलंय का. जो लिहून द्यायला कां-कूं करतो त्याच्याकडून घेऊ नका. आणि तपासायचं ते पैसे देण्याआधी, नंतर नाही. गृहस्थ मान हलवत होते. त्यांना आता फक्त घरी जाऊन काय सांगायचं याची काळजी होती, आणि ते तिच्या टेबलावरच्या कुठल्याच यंत्रात दिसत नव्हतं.

ते गेले आणि तिच्या मनात पुन्हा तेच आलं: दुपारी बाबा येणार.

काल त्यांचा फोन आला होता. आधी हवापाणी, मग गुडघा, मग पोहण्याच्या तलावाचं पाणी बदललं त्याबद्दल, आणि मग, फोन ठेवता ठेवता आठवल्यासारखं करून — “अगं, मला एक खडा घ्यायचाय. निळा. तू येशील का बरोबर? मला त्यातलं काही कळत नाही, आणि या वयात फसायचं म्हणजे लोक हसतात.”

“कुणासाठी?”

“कोचसाठी.”

एवढंच. आणि तिनं ‘येते की’ म्हटलं होतं, लगेच, अगदी हसून, आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ स्वयंपाकघरातला नळ नुसता सोडून ठेवला होता.

कोच म्हणजे तलावावरच्या बाई. बारीक कापलेले पांढरे केस, रुंद खांदे, गळ्यात शिट्टी. आई गेल्यानंतर डॉक्टरांनी गुडघ्यासाठी पोहायला सांगितलं आणि सत्तरीला आलेले, उभ्या आयुष्यात घोट्यापलीकडे पाण्यात न गेलेले बाबा — सगळी नोकरी नकाशे काढण्यात गेलेली, नद्या निळ्या शाईनं रंगवलेल्या, पण पाण्यात उतरायची भीती — त्या बाईंच्या हाती पडले. पहिले कित्येक दिवस त्या फक्त तरंगायला शिकवत होत्या. बाबा कौतुकानं सांगायचे, “ती म्हणते, काही करू नका. पाठीवर पडा आणि काही करू नका. काही न करणं किती अवघड असतं गं!” आणि तिला वाटायचं, चाळीस वर्षं घरात तुम्ही दुसरं काय केलंत, बाबा? हे ती बोलायची नाही. बोलण्यासारखं नव्हतंच. आईसुद्धा बोलली नसती.

आई टेलिफोन ऑफिसात होती. कानावर यंत्र चढवायचं म्हणून उजव्या कानातलं उतरवून टेबलावर ठेवायची आणि पाळी संपली की तिथंच विसरून यायची. त्यामुळे घरात एकेकट्या कानातल्यांचा एक डबाच झाला होता. हिरवी, जांभळी, लाल — सगळी फुटपाथवरची काच. मी शिकत होते तेव्हा पहिला सराव त्यांच्यावरच केला. एकेक भिंगाखाली धरायचे आणि ओरडायचे, आई, बुडबुडे! आणि आई म्हणायची, मग काय हिरे निघणार होते होय... आणि हसायची. ते हसणं खरं होतं का, हे मी तेव्हा पाहिलं नाही. पाहायचं असतं हे माहीत नव्हतं. बाबा पलीकडच्या खोलीत नकाशावर वाकलेले असायचे, आणि त्यांनी कधी, कुठल्याच निमित्तानं, वाढदिवसाला नाही की बढती मिळाली तेव्हा नाही, आईला एक खडा आणला नव्हता. ना आईनं मागितला होता. ना कुणाच्या ते लक्षात आलं होतं. कालपर्यंत.

“आज कुणाचं घर मोडलंस?” पलीकडच्या टेबलावरून हिरेवाल्यानं विचारलं. तो फक्त हिरे बघायचा, रंगीत दगडांना ‘भाजी’ म्हणायचा.

“एका अंगठीचं. घर शाबूत आहे.”

“तुझा चेहरा तसा दिसत नाही.”

“चेहरा बघायला तुझ्याकडे यंत्र नाही,” ती म्हणाली आणि पुढची पुडी उघडली.

बाबा आले तेव्हा त्यांचे केस ओले होते, मागे नीट विंचरलेले, आणि अंगाला तलावाच्या औषधाचा वास. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. ती पर्स घेऊन उठली. रस्त्यातून चालताना ते तिच्या अर्धं पाऊल मागे राहत होते. पूर्वी ते पुढे असायचे, ती आणि आई मागे, बाजारात त्यांची पाठ नजरेआड होऊ नये म्हणून धडपडत... आता गुडघ्यामुळे असेल. की आज ते तिच्या मागून येत होते, तिच्या क्षेत्रात, तिच्या भरवशावर.

म्हाताऱ्या जवाहिऱ्यांचं दुकान वरच्या मजल्यावर होतं. ती त्यांच्याकडे शिकाऊ असल्यापासून येत होती आणि त्यांना काका म्हणत होती. रस्त्यावर पाटी नाही, काचेचं कपाट नाही. एक टेबल, त्यावर पांढरा कागद, आणि उजेडासाठी मोठी खिडकी. काका पिवळ्या दिव्याखाली खडा दाखवत नसत. पिवळ्या दिव्याखाली सगळेच देखणे दिसतात, असं त्यांचं म्हणणं.

“या, साहेब,” ते बाबांना म्हणाले. “ताईंचे वडील म्हणजे आता मला घाम फुटायचा.”

बाबा खूश होऊन हसले.

काकांनी तीन पुड्या काढल्या आणि एकेक उलगडून कागदावर ठेवली. पहिल्याबद्दल त्यांनी स्वतःच सांगितलं, “हा भट्टीतला आहे, विकायला नाही काढला, साहेबांना फरक दिसावा म्हणून. रंग बघा, एकसारखा, बाटलीतल्या शाईसारखा. आहे नीलमच, पदार्थ तोच, पण पिकवलेला.” दुसरा खाणीतला, पण रंग उघडावा म्हणून तापवलेला, त्यात कमीपणा काही नाही, बहुतेक तसेच असतात, फक्त सांगून विकायचा. तिसरा लहान होता. त्याच्यावर काही केलेलं नव्हतं. निळा, पण आत कुठंतरी दुधाचा थेंब पडून विरघळल्यासारखी धूसर छटा.

“आता यातला चांगला कोणता?” बाबांनी तिला विचारलं.

“तुम्हाला आवडेल तो आधी बघा. मग मी बघते.”

बाबांनी तिन्ही खडे एकेक करून तळहातावर घेतले, बोटांनी नव्हे तर हात पाण्यात बुडवून वर काढावा तसे, आणि तिसऱ्याशी थांबले. खिडकीपाशी गेले. परत आले.

“हा,” ते म्हणाले. “खोल बाजूला पाणी असं दिसतं. उथळ बाजूला ते चकचकीत असतं, तळाची फरशी दिसते. खोल बाजूला असं... आत काहीतरी असल्यासारखं.” आणि मग लाजून, “मला अजून तिकडे सोडत नाही ती.”

ती. किती सहज म्हणाले. बाबांच्या तोंडी आयुष्यभर ‘ती’ म्हणजे आई होती. ती कुठंय, तिला सांग, ती झोपली का... शब्द तोच होता, फक्त माणूस बदलला होता आणि शब्दाला त्याचं काही वाटत नव्हतं.

तिनं भिंग डोळ्याला लावलं, चिमट्यात खडा धरला आणि खिडकीच्या उजेडात आणला.

आणि तिला सगळं दिसलं. बारीक, रेशमासारख्या सुया, तीन दिशांना आडव्या-तिडव्या, कुठंही न वितळलेल्या, म्हणजे याला कुणी तापवलं नव्हतं. एका कोपऱ्यात एक इवलासा परका स्फटिक आणि त्याच्याभोवती ताणानं उठलेलं वलय. आणि निळ्याचे पट्टे, सरळ, कोनात वळलेले, घराच्या भिंती कोपऱ्यात मिळाव्यात तसे. भट्टीतल्या खड्यात हेच पट्टे वाकडे असतात, धनुष्यासारखे, कारण तिथं तो थेंबाथेंबानं गोल चढत जातो. हे ती नवशिक्यांना पहिल्या आठवड्यात शिकवायची: सरळ म्हणजे निसर्ग, वक्र म्हणजे भट्टी. इतका चांगला, इतका निःसंशय खडा बऱ्याच दिवसांत तिच्या हातात आला नव्हता. तिला त्या खड्याविषयी नेहमीचं ते छोटंसं सुख झालंसुद्धा...

“बाबा, हा नको,” ती म्हणाली.

आवाज तिचाच होता. कामाचा, सपाट.

“का गं?”

“शंका आहे. कडेला रेघा वक्र वाटतायत.”

खोलीत काही बदललं नाही. काकांचा हात पुडीचा कागद दुमडता दुमडता थांबला, एवढंच. तिनं भिंग डोळ्यापासून काढलं नाही, कारण भिंग काढलं असतं तर कुठंतरी बघावं लागलं असतं. सुया तशाच होत्या, सरळ. पट्टे सरळ. मी इतक्या वर्षांत, दुकानदारांनी पाया पडून विनवलं, दरडावलं, पाकीट पुढं सरकवलं, तरी एका खड्याविषयी एक अक्षर इकडचं तिकडं केलं नव्हतं — आणि ते जड गेलं नव्हतं कधी, मोहच नव्हता. नवरा म्हणतो, हिच्याशी खोटं बोलायचं तर लांबून बोलावं, जवळ गेलं की भिंग काढते. आणि आता हे दोन शब्द, किती सोपे होते. तोंडातून निघेपर्यंत ते तिथं आहेत हेही ठाऊक नव्हतं.

“वक्र?” काका म्हणाले.

“वाटतायत.”

त्यांनी हात पुढे केला. तिनं चिमटा दिला. त्यांनी आपलं दोरीला बांधलेलं भिंग डोळ्याला लावलं, पाहिलं, फार वेळ नाही. मग खडा पुडीत ठेवला, घडी घातली, आणि पुडी तिच्यापुढे ठेवली.

“घेऊन जा, ताई. मोठ्या यंत्राखाली बघा. सावकाश. इथं उजेड उतरलाय.”

खिडकीतून भरपूर ऊन येत होतं.

खाली उतरल्यावर बाबांनी तिचा दंड धरला. जिन्यासाठी असेल. “बघितलंस?” ते म्हणाले, कुणाला तरी सांगावं तसं, “मी एकटा आलो असतो तर घेऊन मोकळा झालो असतो. किती खरा वाटत होता!” त्यांच्या आवाजात निराशा होती, पण निराशेवर लेकीचा अभिमान चढलेला होता, आणि तो अभिमान तिला ऐकवेना.

कोपऱ्यावर चहाचं दुकान होतं. ते बसले. बाबांनी बशीत न ओतता कपानंच चहा प्यायला — हेही नवीन होतं — आणि ती म्हणाली, “आईला कधी घेतला नाहीत तुम्ही.”

तिला वाटलं होतं ते ‘काय?’ म्हणून विचारतील. ऐकू न आल्याचं सोंग बाबांना चांगलं जमायचं. पण ते म्हणाले, “नाही घेतला.”

शेजारच्या टेबलावर कुणी तरी जोरात हसत होतं. बाबांनी ते थांबेपर्यंत वाट पाहिली.

“तिनं मागितला नाही आणि मी विचारलं नाही. मला वाटायचं, तिला ते काचेचंच आवडतं. आवडतही असेल. तुला काय वाटतं?”

“मला काय माहीत.”

“नाही, तुला जास्त माहीत असणार. तुम्ही दोघी बोलायचात.” त्यांनी कप फिरवला. “आता रात्री झोप लागली नाही की मी तिला विचारतो. आता विचारून काय? पण विचारतो आपला. निळा की हिरवा, असलंही विचारतो.”

आई असती तर म्हणाली असती, चहा निवतोय, प्या आधी.

“कोचनंही मागितलेला नाही,” बाबा म्हणाले. “तिला माहीत पण नाही. तिच्या गळ्यात ती शिट्टी असते ना, तिच्या दोरीत अडकेल असं काहीतरी करायचं होतं. ती आज दुकानात आली असती. मीच बोललो नाही. म्हटलं, तुझ्यापुढे तिला तपासायला आणल्यासारखं व्हायचं.” आणि लगेच, एका दमात, नकाशाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात टीप लिहावी तसं, “आम्ही एकत्र राहावं म्हणतोय. तिचं घर तळमजल्यावर आहे, मला जिने नकोत. लग्न-बिग्न नाही... किंवा तेही, कागदाला लागत असेल तर. तुला विचारायचं होतं. पण आधी खड्याचं विचारलं. ते सोपं होतं.”

“आणि मी नको म्हटलं तर?”

तिला हे विचारायचं नव्हतं.

“खड्याला ना? नको तर नको. तू म्हणालीस म्हणजे संपलं.”

“खड्याला नाही.”

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे तलावाच्या पाण्यानं लालसर झाले होते, पापण्या थोड्या सुजलेल्या, आणि ते तिच्या चेहऱ्यावरून इतके हळू फिरले की तिनं मान वळवून बिलासाठी हात वर केला. “ते मी ठरवलं नाही अजून,” ते म्हणाले. “तू नको म्हणालीस तर मला फार वाईट वाटेल, एवढं कळलंय. पुढचं नाही.”

त्यांना बसमध्ये बसवून ती परत कामावर आली. हिरेवाला निघायच्या तयारीत होता. “बाप कसा आहे?” त्यानं विचारलं. “पोहतोय,” ती म्हणाली. तो हसून गेला. खोलीत यंत्रांची घुरघुर तेवढी राहिली.

तिनं पुडी उघडली. खडा मोठ्या यंत्राखाली ठेवला, जसा कुठलाही ठेवते, आधी वजन, मग प्रकाश किती वाकतो ते, मग आतलं. घाईनं काही केलं नाही. सरळ पट्टे, कोनात मिळालेले. रेशीम शाबूत. ती ते पुन्हा पुन्हा पाहत राहिली, जसं काही तिथं एखादी वक्र रेघ निघाली असती तर बरं झालं असतं, कुठंतरी कडेला, अगदी पुसट, चूक म्हणण्याइतकी... आईच्या कैवारानं मी ते बोलले, असं दुपारपासून मनात घोळत होतं, आणि त्यात एक समाधान होतं, गरम पाण्याच्या पिशवीसारखं जवळ धरायला बरं असं. पण आई यात कुठं होती? आई असती तर पहिली म्हणाली असती, घेऊ दे की गं, एवढा हौसेनं आलाय माणूस. आईला बाबांचा राग यायचा तो पंख्याखाली ओले मोजे वाळत घालण्याचा, असल्या गोष्टींचा. खड्याचा हिशेब आईचा नव्हता. तो माझा होता. मी या टेबलावर रोज दुसऱ्यांच्या बायकांसाठी, सुनांसाठी, मैत्रिणींसाठी आलेले खडे बघते आणि परत पुडीत घालून देते, आणि कुणी तरी कधी तरी तळहातावर खडा घेऊन खिडकीपाशी जाईल, असा उजेडात धरील, असं त्या घरात मी वाट बघत होते का? कुणासाठी? आईसाठी, की आईच्या निमित्तानं...

तिथं तिचा विचार थांबला. पुढं जायला वाट होती, पण ती गेली नाही.

तिनं अहवाल लिहिला. नैसर्गिक नीलम, तापवल्याच्या खुणा नाहीत. हात अडखळला नाही. बोलताना ते तसं झालं होतं आणि लिहिताना असं झालं. यात आपला चांगुलपणा किती, हे तिला कळेना. बहुधा नव्हताच. बहुधा हाताला दुसरं लिहिता येत नव्हतं.

काका दुकान आवरत होते. पुडी आणि कागद तिनं टेबलावर ठेवला.

“खरा आहे,” ती म्हणाली.

“हो,” काका म्हणाले. कागद वाचायच्या भानगडीत ते पडले नाहीत. “होतं असं, ताई. दिवसभर बघून डोळे थकले की नसलेल्या रेघा दिसतात. मलाही दिसल्यात.”

किती नीट वाट करून दिली होती त्यांनी. नुसतं ‘हो ना’ म्हणायचं आणि जिना उतरायचा. उद्या सगळं पूर्वीसारखं.

“माझे डोळे थकले नव्हते, काका.”

काकांनी तिजोरीची किल्ली खिशात टाकली, मग बाहेर काढली, मग पुन्हा टाकली. “बसा,” ते म्हणाले. “पाणी घ्या.” ती बसली नाही. पाणी उभ्यानं प्याली. ते म्हणाले, “हा खडा माझ्या नावावर खोटा ठरला असता आज. तुमच्या शब्दानं.” रागानं नाही, हवा कशी आहे ते सांगावं तसं. “मी कुणाला बोलणार नाही. पण पुढच्या वेळी तुम्ही बघाल तेव्हा मीही बघेन. आत्तापर्यंत बघत नव्हतो.”

“बघा,” ती म्हणाली.

खाली रस्त्यावर दुकानांचे पत्रे ओढण्याचा आवाज येत होता. तिनं भिंतीशी उभं राहून बाबांना फोन लावला.

“बाबा, खडा खरा आहे.”

“आं?”

“खरा आहे. काही केलेला नाही त्याच्यावर. मोठ्या यंत्राखाली बघितला.”

पलीकडे टीव्हीचा आवाज कमी झाला. “पण तू तर म्हणालीस...”

“ते बरोबर नव्हतं.”

“म्हणजे तुझी चूक झाली?” त्यांच्या स्वरात आश्चर्य होतं, आणि थोडी गंमतही — मुलीला गणितात पहिल्यांदा कमी गुण पडावेत तशी. तिनं डोळे मिटले. इथंही वाट होती, रुंद आणि सोयीची.

“चूक नाही. मला दिसत होतं खरा आहे ते. तरी म्हटलं.”

तिला त्यांचा श्वास ऐकू येत होता, पोहायला लागल्यापासून तो लांब झाला होता.

“बरं,” बाबा म्हणाले. मग, “का, ते विचारू?”

“आत्ता नको.”

“बरं.” टीव्ही बंद झाला. “मग आता मी कोणतं धरू? आधीचं, की आत्ताचं? नाही... चेष्टा नाही करत. मला त्यातलं काही कळत नाही, म्हणून विचारतो.”

या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर हवं होतं. रोज बाकावरची माणसं हाच प्रश्न घेऊन येतात आणि ती यंत्राकडे बोट दाखवते. “आत्ताचं,” ती म्हणाली, आणि ऐकायला ते इतकं तोकडं वाटलं की पुढं म्हणाली, “तुम्ही उद्या त्यांना घेऊन जा दुकानात. कोचना. काकांनाच विचारा, ते सांगतील. मी... मी पण येईन, तुम्हाला चालणार असेल तर. भिंग आणणार नाही.”

“विचारून बघतो तिला,” बाबा म्हणाले. होही नाही, नाहीही नाही. “जेवलीस का?”

“जाऊन जेवते.”

“सावकाश जा.”

फोन बंद झाला. ती बस थांब्याकडे चालायला लागली आणि थांबा आला तरी चालत राहिली. आता हलकं वाटेल, अशी तिची कल्पना होती. सांगून टाकल्यावर माणसाला हलकं वाटतं असं सगळे म्हणतात. तसं काही नव्हतं. उद्या बाबा तिला बोलावतील की नाही, हे माहीत नव्हतं. त्या रुंद खांद्याच्या बाईंना ते काय सांगतील, माझ्याविषयी काय सांगतील, हे माहीत नव्हतं. बोलावलं तर आपण तिथं आनंदानं जाणार आहोत की नुसतं बघायला, हेही... तिनं नेहमीच्या सवयीनं बाबांवरचा राग चाचपून पाहिला, जो इतकी वर्षं तिथं होता की तो राग आहे हेसुद्धा ती विसरली होती. दात पडल्यावर जीभ त्या जागी जाते, पुन्हा जाते, आणि तिथं मऊ, ओळखीचं नसलेलं काहीतरी लागतं, दुखत नाही पण आपलंही वाटत नाही. तसं काहीसं. पुढच्या चौकात दिवा लाल होता. रस्ता रिकामा असूनही ती थांबली, आणि दिवा हिरवा झाल्यावरही जरा वेळ तशीच उभी राहिली, राग होता त्या जागेला मनातल्या मनात पुन्हा पुन्हा हात लावत.